पत्ता शहराचा, दप्तर गावाचे



तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. त्यांचे पाणी मात्र मुंबईच्या नळांना येते. साठा एकीकडे व तोटी दुसरीकडे, ही व्यवस्था येथील जनतेस नवी नाही. इंटरनेटवरही असेच करता येते. पत्ता शहरातील आणि सर्व्हर गावातील!

इंटरनेटवर थेट पोहोचता यावे, अशा संगणकास सार्वजनिक आकडी पत्ता लागतो. त्यास आय. पी. पत्ता म्हणतात. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच असून त्यांचा मध्यवर्ती जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. त्यामुळे अनेक ग्राहकांत मिळून एकच पत्ता वापरला जातो. मुरबाडकडील एखाद्या शाळेने आपली ग्रंथसूची स्वतःच्या सर्व्हरवर ठेवली, तर तेथून बाहेर जाता येते; बाहेरच्यास मात्र आत येण्याची वाट सापडत नाही.

यावर उपाय आहे. शहरातील डेटा सेंटरमध्ये लहानसा सर्व्हर व एक जादा सार्वजनिक पत्ता भाड्याने घ्यावयाचा. गावचा सर्व्हर स्वतःहून त्याच्याशी जोडणी करतो. कसारा घाटातील बोगद्यांप्रमाणे हाही एक बोगदाच होय. त्या पत्त्यावर आलेले टपाल शहरातील सर्व्हर दुसऱ्या लिफाफ्यात घालून गावी धाडतो. उत्तरही त्याच बोगद्याने परतले पाहिजे. अन्यथा परका पत्ता पाहून स्थानिक सेवा कंपनी ते अडवू शकते. वरच्या लिफाफ्यामुळे आतील जागा घटते. ‘वायरगार्ड’ पद्धतीत १५०० बाइटांऐवजी साधारणतः १४२० बाइट उरतात. ही मर्यादा न पाळल्यास लहान मजकूर पोहोचतो व मोठा अडकतो.

या योजनेत दप्तर गावातच राहते आणि सेवा कंपनी बदलली तरी पत्ता बदलत नाही. परंतु शहरातील भाडे थकले, तर सुरक्षित असलेले दप्तरही जगास दिसेनासे होते. शिवाय सार्वजनिक दारावर कोणीही थाप मारू शकतो. म्हणून आवश्यक तेवढेच दार उघडे ठेवावे, प्रत वेगळी जपावी आणि ग्रामस्थांची खाजगी माहिती तेथे ठेवू नये. पत्त्याचा करार कोणा एका व्यक्तीच्या नव्हे, तर संस्थेच्याच नावे असावा.

जलाशयाच्या काठी राहून उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांना याचे मर्म वेगळे सांगावयास नको. साठा आपल्या अंगणात असणे पुरेसे नसते. तोटी कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे लागते.