कोपऱ्यातले मूल



घरी पाहुणा आला की लहानथोर सगळी माणसे ओटीवर येतात. पण एखाद्या घरात आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, गोधडीवर, एक मूल पडलेलेच राहते. त्याला बसता येत नाही, बोलता येत नाही. नीट दिसत नाही किंवा ऐकू येत नाही. मधूनच फिट येते. कोणी चौकशी केलीच, तर उत्तर मिळते, "त्याचं काय हो, ते तसंच असतं." या 'तसंच असतं'बद्दल आज मला तुमच्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

अशी अनेक व्यंगे एकत्र आली म्हणजे तिला बहुविकलांगता म्हणतात. तिचे मूळ पुष्कळदा मेंदूला झालेल्या इजेत असते. बाळ जन्मताच रडले नाही, दिवस भरण्याआधीच जन्मले, कावीळ फार वाढली, मेंदूज्वर झाला, अशी तिची कारणे असतात. कधी दोष गर्भातच असतो. आईने ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असे होत नाही, की मागल्या जन्मीच्या पापाने होत नाही. तेव्हा त्या माउलीला बोल लावू नका.

मेंदूची इजा भरून येत नाही, हे खरे. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. अशा मुलांचा घात पुष्कळदा त्या इजेपेक्षा छातीच्या विकाराने होतो. अन्नपाणी पोटात जाण्याऐवजी श्वासनळीत उतरते आणि छाती भरते. त्यातले बरेचसे आपल्याला घरच्या घरी टाळता येते.

एका वाडीवर नऊ वर्षांच्या मुलाला त्याची आजी मांडीवर आडवे घेऊन भात भरवीत होती. जीव लावून भरवीत होती, पण घास गेला की मुलाला ठसका लागे आणि घशात घरघर होई. पावसाळाभर त्याला ताप येई आणि घरचे म्हणत, "सर्दीची प्रकृती आहे." आता तुम्ही आडवे निजून तांब्याभर पाणी पिऊन पाहा, म्हणजे त्या मुलाची अवस्था समजेल!

मग काय करावे? त्याला बसवून भरवावे. दोन भिंती मिळतात तो कोपरा घ्या. पाठीशी गोधडीची घडी, दोन्ही बाजूंना उशा आणि गुडघ्यांखाली एक वळकटी ठेवा. मान मागे पडू देऊ नका. हनुवटी किंचित खाली असू द्या. तुम्ही त्याच्या समोर, त्याच्याच उंचीवर बसा. घास लहान द्या, आणि पहिला गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर आंबील, मऊ भात, घट्ट वरण असे पदार्थ सहसा सोपे जातात. पण पाणी मात्र तोडू नका, ते कसे द्यावे हे डॉक्टरांना विचारा. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसलेले राहू द्या. दात रोज घासा. तोंडातली घाणही छातीत उतरते. ठसका थांबत नसेल, वजन घटत असेल किंवा वरचेवर ताप येत असेल, तर दवाखाना गाठलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट कुशीची. ज्याला आपले आपण वळता येत नाही, त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी. रात्री घरच्यांनी पाळी लावून घ्यावी. सारा भार एकट्या आईवर नको. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहावेत. लाल डाग दाबूनही जात नसेल, तर तिथे जखम होऊ घातली आहे असे समजा आणि त्या जागेवर भार देऊ नका. पायांना कात्रीसारखी अढी पडत असेल तर गुडघ्यांमध्ये उशी ठेवा आणि खुबा जागेवर आहे ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

तिसरी गोष्ट फिटची. कांदा हुंगवू नका, चप्पल नाकाला लावू नका, दातांत चमचा घालू नका. मुलाला एका कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच दवाखान्यात न्या. आणि बरे वाटते म्हणून फिटची गोळी मनाने बंद करू नका.

आता चौथी गोष्ट. या मुलाला दुखते, पण सांगता येत नाही. दात ठणकतो, कान दुखतो, चार चार दिवस शौचाला होत नाही. मूल रडते, अंग ताठ करते, जेवण सोडते. आपण म्हणतो, "हट्टी झालंय." तसे म्हणण्याआधी दुखण्याचा शोध घ्या.

गुरुजी आणि बाई, आता थोडे तुमच्याशी. 2012 साली शिक्षणहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. हा पर्याय मुलाचा आहे. शाळेने दार लावून घ्यावे म्हणून तो दिलेला नाही. तुम्ही त्याच्या घरी जा. अंगाला हात लावण्याआधी त्याला नावाने हाक मारा. एका हातात वाटी, एका हातात खुळखुळा धरा आणि तो कुठे पाहतो ते बघा. दिसत नसेल तर दोन्ही वस्तू हाताला लावून द्या. त्याने निवड केली, म्हणजे तो बोललाच की!

2016 च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात बहुविकलांगतेची नोंद आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढून घ्यायला आईबापांना मदत करा. 1999 च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' नावाची आरोग्यविम्याची योजना आहे. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. मूल अठरा वर्षांचे झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची सोयही त्याच कायद्यात आहे.

एक काम मात्र आजच करता येईल. आईला विचारून एका वहीत लिहून ठेवा: हा काय खातो, कसा बसवला की नीट गिळतो, कोणते औषध किती वाजता, 'हो' कसे सांगतो, दुखले की काय करतो. आज हे सारे एकट्या तिच्या डोक्यात आहे. उद्या ती तापाने पडली, तर या मुलाची भाषा जाणणारे घरात कोणी उरणार नाही. "आमच्यामागं याचं कसं होईल?" हा प्रश्न प्रत्येक आईबापाच्या मनात असतो. त्याचे सगळे उत्तर एका वहीत मावणार नाही, पण उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

त्या वाडीवरचा मुलगा चालू लागला नाही, बोलू लागला नाही. पण तो आता त्याच कोपऱ्यात बसून जेवतो. पुढल्या पावसाळ्यात त्याला ताप कमी वेळा आला. आजीला विचाराल तर ती आता 'ते' म्हणत नाही. ती म्हणते, "तो जेवायची वाट बघतोय."