आईचा पाट आणि माझं सिंक

आज आवाज जरा घुमत असेल, कारण मी हॉलमध्ये खोक्यांच्या मधोमध बसून रेकॉर्ड करतोय. डबे, कढया, तीन कुकर, दोन पोळपाट, सगळं स्वयंपाकघर बाहेर आलंय. सोमवारी सकाळी दहाला मिस्त्रीकाका येऊन आमचा ओटा फोडणार आहेत. आणि हातात क्रोशाची सुई आहे, त्यामुळे मध्येच "सत्तावीस, अठ्ठावीस" असं ऐकू आलं तर ते टाके आहेत, समजून घ्या.

आमची बिल्डिंग कांजूरमार्ग पूर्वेला. जुनी, चार मजली, लिफ्ट नाही. मी सहावीत असल्यापासून ती रिडेव्हलपमेंटला "जाणार" आहे. आता मी नोकरीला लागून सहा वर्षं झाली. मधल्या काळात आईने जे जे मागितलं, त्यावर घरात एकच उत्तर असायचं: "कशाला, बिल्डिंगच जाणार आहे." टाइल निखळली? बिल्डिंग जाणार आहे. नळ गळतो? बिल्डिंग जाणार आहे. शासनाची 4 जुलै 2019 ची नियमावली आली, एकूण सभासदांपैकी 51 टक्के संमती पुरेशी झाली, तेव्हा बाबा पेढे घेऊन आले होते. पण आमच्याकडे 51 टक्के जमले की बिल्डर पळतो आणि बिल्डर टिकला की 51 टक्के फुटतात.

आई चार फूट दहा इंच. आमचा ओटा 34 इंच, वर शेगडी, वर पातेलं. म्हणजे आमटीत काय चाललंय हे बघायला तिला टाचा उंच कराव्या लागायच्या. म्हणून ती इतकी वर्षं लाकडी पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. जेवायला बसायचा पाट असतो ना, तोच. मला ते कधी विचित्रच वाटलं नाही. आई म्हणजे पाटावर उभी असलेली बाई, असंच चित्र डोक्यात होतं.

गेल्या पावसाळ्यात फरशी ओली होती, पाट सरकला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

क्रोशा तिथून सुरू झाला. तिचं दाराचं तोरण अर्धं राहिलं होतं आणि ते तसं बघून ती वैतागायची. मी वर्क फ्रॉम होमवर, कॉलमध्ये म्यूटवर बसलेलो. म्हटलं, तू सांग, मी करतो. मग ती सोफ्यावरून हुकूम सोडायची, "तीन साखळ्या, एक खांब, आता मुका खांब, अरे मुका म्हटलं ना!" आणि मी उसवायचो. ऑफिसमध्ये एका मित्राने विचारलं, हे बायकांचं काम तुला कसं काय जमतं? म्हटलं, दिवसभर लूपच लिहितो की, हा दोऱ्याचा.

तोरण झालं, आणि तेव्हाच ठरवलं की ओटा करायचा. बिल्डिंग जायची तेव्हा जाऊ दे.

पण पैसे घालायचे कुठे? आम्ही एक साधा हिशेब केला. जे उचलून नव्या घरात नेता येईल, म्हणजे शेगडी, चिमणी, स्टीलच्या बास्केट, त्यावर हात सैल. जे भिंतीला चिकटणार, त्यावर आखडता. एलबीएस रोडच्या दुकानात मला एक निळी टाइल फार आवडली होती, सोडून दिली. चिमणी मात्र चांगली हवी, कारण वारा फिरला की आम्हाला खिडकी बंद करावी लागते. का, ते कांजूरकरांना सांगायला नको. अपवाद फक्त वॉटरप्रूफिंगचा. ते नेता येत नाही, पण खालच्या काकूंच्या छतातून पाणी गेलं तर पुढच्या जनरल बॉडीत मी विषय क्रमांक एक असेन. आणि तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर लाइन सरकवायला गॅस कंपनीचाच माणूस बोलवा. "मैं कर देता हूँ" म्हणणाऱ्या प्लंबरला चहा द्या आणि पाठवा.

जुना ओटा कडप्प्याचा. आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यावरून त्याचं नाव पडलंय. तो मुळात चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू सांडलं की आम्ल त्याला खातं. आमच्या ओट्यावर जिथे जिथे पांढरट डाग आहेत, तिथे कधीतरी सरबत झालंय. ग्रॅनाइटला तो त्रास नाही, म्हणून आता ग्रॅनाइट.

उरला प्रश्न उंचीचा, आणि खरी मजा इथे आहे. उभं राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून चार ते सहा इंच कमी करा. ती तुमच्या ओट्याची उंची. आईची आली साडेएकतीस. माझी सदतीस! मिस्त्रीकाका म्हणाले, "सगळीकडे चौतीसच करतात." चौतीस, म्हणजे दोघांपैकी कुणालाच नाही.

1926 मध्ये मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी 'फ्रँकफर्ट किचन' बनवलं, तेव्हा त्यांनी घड्याळ लावून घरकामाच्या हालचाली मोजल्या होत्या. शहरातल्या सुमारे दहा हजार घरांत ते बसलं. हुशार काम. पण ते स्वयंपाकघर एकाच माणसाला पुरेल एवढं होतं, आणि तो माणूस कोण, हे कुणी विचारलंच नाही.

क्रोशात आधी एक छोटा चौकोन विणून बघतात, टाके घट्ट येतायत की सैल. जमलं नाही तर उसवायचं. भिंत उसवता येत नाही. म्हणून आम्ही चौकोन विणला, म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या चार पायांखाली माझी बीटेकची पुस्तकं घातली. बत्तीस इंच. आईने त्यावर पोळ्या लाटल्या, पाटाशिवाय. सहाव्या पोळीला म्हणाली, "अजून जरा खाली." पातळ पुस्तकं घातली, एकतीस. मग बोललीच नाही, सगळी कणीक संपवली.

आई आधी म्हणत होती, "ओटा तुझ्या मापाने कर, मी आता किती वर्षं उभी राहणार." त्यावर आमचं दोन दिवस वाजलं. शेवटी ओटा दोन पातळ्यांचा ठरला. लाटण्याचा भाग एकतीस. शेगडीचा त्याहून तीन इंच खाली, कारण पातेल्याची उंची वर धरावी लागते.

काल रात्री कागदावर आकडे लिहीत होतो. विचारलं, "सिंक किती घेऊ? बत्तीस?"

"छत्तीस घे."

"अगं, तुला पोचणार नाही."

ती गाठोडं बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मला कशाला पोचायला हवंय?"

तर, छत्तीस लिहिलंय. आत्ता विणतोय ती गरम भांडी धरायची पकड आहे, सुती दोऱ्याची. अॅक्रिलिकची लोकर घेऊ नका, शेगडीजवळ वितळते. सोमवारपासून पंधरा दिवस जेवण इंडक्शनवर, याच खोक्यांत. पुढचा भाग धूळ बसल्यावर. एकोणतीस, तीस... थांबा, हा मुका होता का?