मतभेद आणि मैत्री



डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. संततिनियमनाची साधने स्त्रीच्या हाती असावीत, हा त्यांचा आग्रह; संयमावाचून मार्ग नाही, ही गांधीजींची निष्ठा. मतभेद मिटला नाही. परंतु पतीला नकार देण्याचा हक्क स्त्रीला आहे, हे दोघांनाही मान्य होते.

१९७१ च्या कायद्याने गर्भपातास सशर्त मान्यता दिली. माझे काही सर्वोदयी स्नेही आजही त्यास हिंसा मानतात. त्यांना मी प्रतिगामी म्हणणार नाही. त्यांची करुणा खरी आहे. त्यांनीही मला निर्दय समजू नये. माझा प्रश्न एवढाच : कायद्याचे दार बंद झाले, तर अडलेली शेतमजूर स्त्री कोणाच्या दारी जाईल? उत्तर देण्यापूर्वी आपण दोघांनीही तिचे ऐकावे.