डोंगरातलं हॉटेल आणि आपली उधारी

आजचा भाग एका हॉटेलाबद्दल आहे. पण थेट लॉबीत जायचं नाही, आधी थोडा घाट चढायचाय.

अमेरिकेच्या ईशान्येला न्यू हॅम्पशर नावाचं छोटं राज्य आहे. तिथले डोंगर म्हणजे व्हाइट माउंटन्स. सर्वांत उंच शिखर माउंट वॉशिंग्टन, १९१७ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटर जास्त.

१८२६ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या एका खिंडीत दरड कोसळली. विली नावाचं कुटुंब घाबरून घराबाहेर पळालं. नऊ माणसं गेली. घराला मात्र काहीच झालं नाही! बातमी सगळीकडे पसरली आणि लोक ते घर बघायला यायला लागले. चित्रकार आले, लेखक आले. मग खानावळी वाढल्या, खानावळींची हॉटेलं झाली.

खरा धंदा वाढवला रेल्वेने. १८५१ मध्ये गाडी डोंगरांच्या पायथ्याला गोरहॅमपर्यंत आली. १८६९ मध्ये दातेरी रुळांवरची गाडी थेट शिखरावर गेली. १८७५ मध्ये त्या खिंडीतूनच रूळ गेले. मग बोस्टन-न्यूयॉर्कची श्रीमंत कुटुंबं ट्रंका भरून यायची आणि अख्खा उन्हाळा राहायची. काही जण तर फक्त शिंका थांबाव्यात म्हणून यायचे, कारण परागकणांच्या ॲलर्जीवर इथली हवा चांगली असं मानलं जायचं.

१९०२ मध्ये ब्रेटन वुड्सला माउंट वॉशिंग्टन हॉटेल उघडलं. मालक जोसेफ स्टिकनी, कोळसा आणि रेल्वेत कमावलेला माणूस. बांधकामाला सुमारे २५० इटालियन कारागीर होते. पुढच्याच वर्षी स्टिकनी वारला.

आता बघा, या सगळ्या हॉटेलांचा डोलारा एकाच गोष्टीवर उभा होता: पाहुणा रेल्वेने येणार आणि महिनोन्‌महिने राहणार. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर! मोटार आली आणि लोक एक रात्र राहून पुढे जायला लागले. त्यात इमारती लाकडाच्या. प्रोफाइल हाउस १९२३ मध्ये जळालं, फॅबियन हाउस १९५१ मध्ये, क्रॉफर्ड हाउस बंद पडून १९७७ मध्ये. आणि एक कडू गोष्टही सांगायला हवी. त्या काळात अशा अनेक हॉटेलांत ज्यू पाहुण्यांना खोली मिळत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात माउंट वॉशिंग्टन हॉटेलही बंद पडलं. पण १९४४ च्या जुलैमध्ये अमेरिकन सरकारने तिथेच ४४ देशांची परिषद भरवली. घाईघाईत डागडुजी झाली आणि ७३० प्रतिनिधी आले. १ ते २२ जुलै, तीन आठवड्यांत आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचे करार तयार झाले.

आणि त्या टेबलावर एक मराठी माणूस होता! चिंतामणराव देशमुख, रायगडातल्या महाडजवळचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. शिष्टमंडळाचे प्रमुख मात्र इंग्रज, सर जेरेमी रेझमन. कारण देश अजून पारतंत्र्यात होता.

भारताचं म्हणणं काय होतं? युद्धासाठी ब्रिटनने इथून माल उचलला आणि पैसे लंडनमध्ये खात्यावर मांडून ठेवले. त्या बदल्यात इथे नोटा छापल्या, महागाई भडकली. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली. युद्ध संपेपर्यंत ही उधारी १०० कोटी पौंडांच्या वर गेली. ती वसूल करायला नव्या निधीने मदत करावी, अशी आपली मागणी होती. ब्रिटन आणि अमेरिकेने ती मानली नाही. ब्रिटनच्या बाजूने केन्स म्हणाले की हा विषय आम्ही आणि आमचे सावकार आपसात बघून घेऊ.

म्हणजे सावकार आपण, आणि अटी ठरवणार कर्जदार!

तरी रिकाम्या हाताने परतले नाहीत. निधीत भारताला ४० कोटी डॉलरचा वाटा मिळाला, सहाव्या क्रमांकाचा. नंतर रशिया आलाच नाही, म्हणून भारत पाचवा झाला आणि संचालक मंडळावर हक्काची जागा मिळाली.

ते हॉटेल आजही चालू आहे. करारांवर सह्या झालेली खोली जपून ठेवली आहे, लोक तिथे फोटो काढतात. तुम्ही कधी गेलात तर जरूर काढा. फक्त त्या टेबलावर आपलीही एक वही उघडी होती, हे लक्षात असू द्या.