पाण्यात उतरणाऱ्याच्या पोशाखाची किंमत



महागाईची चर्चा आपल्याकडे बहुधा धान्य, तेल, घरभाडे आणि औषधे यांच्याभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु एखाद्या लहानशा, फारशा परिचित नसलेल्या वस्तूच्या किमतीचा मागोवा घेतला, तर अर्थव्यवस्थेचे स्वरूप मोठ्या आकड्यांपेक्षा कित्येकदा अधिक स्वच्छ दिसते. अशी एक वस्तू म्हणजे मासे पकडण्यासाठी पाण्यात उभे राहणाऱ्याचा पोशाख. बूट, विजार आणि छातीपर्यंत येणारा जलरोधक अंगरखा असे हे एकसंध वस्त्र असते. त्याला ‘वेडर’ म्हणतात. मराठीत त्याला रूढ नाव नाही. कारण आपल्याकडे पाण्यात उभे राहून पोट भरणाऱ्या माणसाच्या अंगावर ते क्वचितच चढले.

या वस्तूचा इतिहास हा भांडवल आणि शोध यांच्या संबंधाचाच इतिहास आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली रबराचा थर दिलेल्या जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. परंतु कच्चे रबर थंडीत ताठ होई आणि उन्हात चिकट. १८४४ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकेत पेटंट मिळाले आणि रबरी बूट व विजारी यांचा व्यापार वाढीस लागला. १९३० साली ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत निओप्रीन हे कृत्रिम रबर तयार झाले. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन ताणून असा सूक्ष्मछिद्री पापुद्रा बनवला की, बाहेरचे पाणी आत येत नाही आणि अंगाच्या घामाची वाफ मात्र बाहेर जाते. प्रत्येक टप्प्यावर पोशाख सुखकर होत गेला, आणि प्रत्येक टप्प्यावर पेटंटाच्या व नाममुद्रेच्या कुंपणामुळे त्याची किंमत नव्या पायरीवर चढली.

आज अमेरिकेच्या बाजारात साधा प्लॅस्टिकचा वेडर शंभर डॉलरच्या आत मिळतो, तर श्वसनक्षम पापुद्र्याचा उत्तम प्रतीचा वेडर हजार डॉलरच्या आसपास जातो. अलीकडच्या वाढीमागे तीन कारणे ठळक आहेत. पहिले श्रमाचे: या वस्त्राचा प्रत्येक सांधा शिवून वर जलरोधक पट्टी बसवावी लागते, आणि ते काम यंत्रावर पूर्णपणे सोपवता येत नाही. दुसरे रसायनांचे: पाणी झटकणारी फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात नष्ट होत नाहीत, म्हणून कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून कापडात त्यांच्या वापरास बंदी केली, अतिशय ओल्या परिस्थितीत वापरायच्या कपड्यांना २०२८ पर्यंत सवलत दिली. बंदी योग्यच आहे. परंतु पर्यायी द्रव्ये शोधण्याचा खर्च उत्पादक ग्राहकावर टाकतात. तिसरे कारण आयातशुल्काचे: यांपैकी बराच माल चीन व व्हिएतनाम येथे शिवला जातो, आणि २०२५ साली अमेरिकेने त्या देशांतील मालावर जादा शुल्क बसवले.

या भाववाढीची झळ तेथील सामान्य गळकऱ्याला लागते, हे नाकारण्याचे कारण नाही. माँटाना राज्यातील व्यवस्था पाहिली म्हणजे तिचा अर्थ अधिक कळतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दोन निकालांनी नद्यांवरील जनतेचा हक्क मान्य केला आणि १९८५ साली तसा कायदा झाला. नदीच्या नेहमीच्या उच्च जलरेषेच्या आत कोणीही नागरिक जाऊ शकतो. त्यापलीकडील काठ मात्र खाजगी मालकीचा असू शकतो. म्हणजे सार्वजनिक पुलावरून उतरून पाण्यातून चालत जाणाऱ्याला सगळी नदी मोकळी आहे. पण ते पाणी वितळलेल्या बर्फाचे असते. वर्षाचा बराच काळ जलरोधक पोशाखाशिवाय त्यात उभे राहता येत नाही. कायद्याने हक्क दिला, परंतु तो वापरण्याचे साधन बाजारात ठेवले. हक्क आणि साधन यांच्यातील हे अंतर समाजवादी विचाराला नवे नाही.

तरीही त्या गळकऱ्यापुढे पर्याय आहेत. उन्हाळ्यात तो साध्या विजारीवर पाण्यात उतरतो. छातीपर्यंतच्या पोशाखाऐवजी मांडीपर्यंतचे बूट घेतो. थंडीपुरता निओप्रीनचा स्वस्त पोशाख वापरतो. दुसऱ्याने वापरलेला घेतो किंवा जुनाच दुरुस्त करतो: श्वसनक्षम वेडर उलटा करून त्यावर स्पिरिट फवारले की बारीक छिद्राच्या जागी काळसर ठिपका उमटतो, आणि तेथे गोंदाचा थेंब लावला की आणखी एक हंगाम निघतो. आणि यांपैकी काहीच परवडले नाही, तर त्या वर्षी तो पाण्यात उतरत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याची मागणी लवचीक आहे. उत्पादकाला हे ठाऊक असते. म्हणूनच तो त्याच्यासाठी निरनिराळ्या किमतींचा माल काढतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळावे. कोकणच्या खाड्यांतून ओहोटीच्या वेळी तिसऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या बाया गुडघाभर, कधी कंबरभर पाण्यात तासन् तास वाकून काम करतात. कालवांच्या कडा सुरीसारख्या असतात. तळवे आणि बोटे चिरली जातात. पाग टाकणारा कोळी लुंगी खोचून चिखलात उभा राहतो. या माणसांना वेडरच्या भाववाढीची झळ लागली, असे कोणी म्हणणार नाही. कारण ती त्या बाजारात कधी आलीच नाहीत. अ‍ॅडम स्मिथने १७७६ सालीच हा भेद सांगून ठेवला होता: गरिबालाही सहा घोड्यांच्या गाडीची इच्छा असू शकते, परंतु तिची किंमत देण्याची ऐपत नसल्याने ती इच्छा बाजाराच्या दृष्टीने परिणामकारक मागणी ठरत नाही. फरक इतकाच की, गाडी ही चैन होती. चिरणाऱ्या शिंपल्यांपासून पायाचे रक्षण ही चैन नाही. गरज किती निकडीची आहे, हे बाजार मोजत नाही.

मात्र भारतात एक ठिकाण असे आहे की, जेथे ही गरज बाजाराने नव्हे, कायद्याने मान्य केलेली आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ साली संसदेने कायदा केला. त्याच वर्षी झालेल्या नियमांत गटारात उतरणाऱ्या कामगाराला मालकाने कोणती संरक्षक साधने द्यावीत, याची लांबलचक यादी आहे. वायुमापक, श्वसनयंत्र, सुरक्षापट्टा यांच्याबरोबर त्या यादीत बूट जोडलेला मासेमारीचा वेडर, असा स्पष्ट उल्लेख आहे. थंड नदीत हौसेने उभे राहणाऱ्यासाठी घडलेली वस्तू आपल्या कायद्यात आली, ती गटारात उतरवल्या जाणाऱ्या माणसासाठी. तो माणूस बहुधा कोणत्या जातींतून येतो, हे या वाचकवर्गाला सांगण्याची आवश्यकता नाही.

या मान्यतेचे पुढे काय झाले? केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली. आठ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १७ जिल्ह्यांत २०२२ आणि २०२३ मध्ये झालेल्या ५४ मृत्यूंची सामाजिक तपासणी सरकारनेच करवली. तिचे निष्कर्ष २०२५ साली संसदेपुढे आले. त्या ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर मृत्युसमयी कोणतेही संरक्षक साधन नव्हते. ३८ जण व्यक्तिशः ठरवून कामाला लावलेले होते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. ज्याला कोणी मालक नाही, त्याला पोशाख कोण देणार? कायद्याने ज्याच्यावर खर्च टाकला तो मालक कंत्राटांच्या साखळीत दिसेनासा होतो, आणि जो उरतो त्याच्या हातात फक्त त्या दिवसाची मजुरी असते.

पोशाख महाग आहे म्हणून दिला जात नाही, असे समर्थन काही वेळा ऐकू येते. ते हिशेबाने तपासून पाहावे. भारतीय बाजारात साधा प्लॅस्टिकचा वेडर काही हजार रुपयांत मिळतो. तीन हजार धरू. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली गटारातील प्रत्येक मृत्यूसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. एका मृत्यूच्या भरपाईत एक हजार वेडर येतात. समाजाच्या हिशेबात पोशाख स्वस्तच आहे. तो महाग ठरतो कंत्राटदाराच्या हिशेबात. कारण पोशाखाचा खर्च आज त्याच्या खिशातून जातो, तर मृत्यूची किंमत कुटुंब भोगते, भरपाई सरकारी तिजोरीतून येते आणि तीही वारसांनी हेलपाटे घातल्यावर. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत जो माणसाच्या रक्षणावर खर्च करतो, तो स्पर्धेत हरतो. चांगल्या कंत्राटदाराला शिक्षा आणि वाईटाला बक्षीस, असा हा नियमच झाला आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. वेडर मैलापाणी आणि त्वचेचे रोग काही अंशी रोखतो. हायड्रोजन सल्फाइड वायू रोखत नाही. गटारातील बहुतेक माणसे विषारी वायूने गुदमरून मरतात. शिवाय कंबरपट्टा नसलेला वेडर माणूस पडला की पाण्याने भरतो आणि त्याला बाहेर निघणे अवघड होते. थंड प्रदेशासाठी बनलेल्या वस्तूच्या स्वस्त नकलेत मुंबईच्या उकाड्यात अंग भाजून निघते, म्हणून दिलेला पोशाखही कामगार काढून ठेवतो आणि अधिकारी त्याच्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवतात. श्वसनक्षम कापडाचा शोध पन्नास वर्षांपूर्वी लागला. तो ज्याच्या अंगाला सर्वाधिक हवा होता, त्याच्यापर्यंत आलेला नाही.

आणखी एक धोका कायद्याच्या रचनेतच आहे. ‘धोकादायक सफाई’ या शब्दाची व्याख्या, मालकाने संरक्षक साधने न देता करून घेतलेली सफाई, अशी आहे. म्हणजे चार वस्तूंची पिशवी हातात दिली की, माणसाला खाली उतरवणे वैध ठरवण्याची पळवाट निघते. नियमांत माणूस उतरवण्याचे प्रसंग मोजके सांगितले आहेत, आणि त्याबाहेरील अपवादासाठी स्थानिक संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने लेखी कारणे नोंदवून परवानगी द्यावी, असे बंधन आहे. ही लेखी परवानगी अनेकदा मागितलीच जात नाही. यंत्रांचा पर्याय तर कल्पनेतला राहिलेला नाही. अरुंद गल्लीत जाणारी लहान सफाईयंत्रे हैदराबादच्या जलमंडळाने २०१७ साली आणली. केरळातील तरुण अभियंत्यांनी मॅनहोलमध्ये उतरणारा यंत्रमानव २०१८ साली कामाला लावला. पहिली मागणी माणूस खाली न उतरवण्याचीच असली पाहिजे. पोशाखाची मागणी तिच्या जागी नव्हे, तिच्यासोबत यावी. कारण नाले, पर्जन्यवाहिन्या आणि पुराचे पाणी यांत काम करणारे हात उद्याही लागणार आहेत.

मग परवडणारा पर्याय कोणता? अमेरिकन गळकऱ्याला जो पर्याय एकट्याने शोधता येतो, तो येथे एकट्याने सापडणारा नाही. किनाऱ्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्था जाळी, बर्फ आणि डिझेल यांचा पुरवठा करतात. त्याच संस्थांनी खाडीत उतरणाऱ्या स्त्रियांसाठी मांडीपर्यंतचे बूट आणि हातमोजे घाऊक भावाने घ्यावेत, स्त्रियांच्या मापाचे मागवावेत, आणि दुरुस्तीची सोय ठेवावी. त्यासाठी आधी या स्त्रियांना सभासद करून घ्यावे लागेल, आणि तो प्रश्न किमतीपेक्षा कठीण आहे. शहरात पोशाखाचा खर्च निविदेच्या स्पर्धेतून बाहेर काढून नगरपालिकेने स्वतः करावा. तो मजुरीतून कापला जाऊ नये.

या सर्वांच्या मुळाशी नोकरीचे स्वरूप आहे. मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली उचलून धरला. अनेक वर्षांच्या संघटित लढ्याचे ते फळ होते. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याला बूट मागता येतात; ज्याचे नाव कोठेच नाही, त्याला मागण्यासाठी समोर माणूसही नसतो.

तेव्हा प्रत्येक नगरपालिका क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी चार प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली लेखी विचारावेत. गेल्या वर्षात किती वेळा माणूस गटारात उतरवला आणि लेखी परवानगी किती वेळा घेतली? संरक्षक पोशाख किती, कोणत्या मापाचे, पट्ट्यासह की पट्ट्याविना खरेदी झाले? त्यांची शेवटची तपासणी केव्हा झाली? आणि कंत्राटदाराच्या कामगारांची नावे कोणत्या नोंदवहीत आहेत? उत्तरे आली की ती कामगारांच्या वस्तीत जाऊन, त्यांच्यासमोर वाचून दाखवावीत. कागदावरचा पोशाख कोणाच्या अंगावर आहे, हे तेथेच कळेल.