दूरशिक्षण आणि आपले कर्तव्य
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मंडळाच्या शिक्षणनिधीतून यंदा ज्ञातीतील मुलांस टॅबलेट वाटावेत, अशी सूचना आली आहे. हेतू स्तुत्य आहे. तथापि पस्तीस वर्षे खडू हाती धरलेल्या आम्हांस त्यासंबंधी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे.

दूर राहून शिकविण्याची कल्पना नवी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकन उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सकाळी मुलांसाठी व सायंकाळी प्रौढांसाठी दूरचित्रवाणीवर कार्यक्रम झाले. संच घरोघर नव्हते. ते सार्वजनिक ठिकाणी होते व त्यांसमोर गाव बसे. पुढे १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मात्र घरातील एकुलता एक फोन हीच शाळा ठरली. तो सकाळी बापाबरोबर कामावर जाई. सायंकाळी परतल्यावर आधी मुलाच्या हाती पडे, मुलीची पाळी शेवटी. डोंगरातल्या पाड्यांवर तर फोन असूनही रेंज नसे.

त्याहून मोठी अडचण भाषेची. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी मातृभाषा असणारे सुमारे २९ लाख. तरी ती भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय असावी, असे १९५६ साली आलेले ३५०-अ हे कलम सांगते. छत्तीसगडात २०१० साली सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वरा’ने साध्या फोनवर गोंडीतूनही बोलण्या-ऐकण्याची सोय केली. तेथे अक्षरओळखही लागत नाही. मुलाचा चेहरा पाहून शिक्षक थांबतो. यंत्र थांबत नाही. यास्तव यंत्राशेजारी मुलाची बोली जाणणारे माणूस हवेच.

म्हणून आमची सूचना अशी: टॅबलेट वाटू नयेत. मंडळाचे सभागृह बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. तेथे दोन संगणक ठेवावेत आणि दोन्ही भाषा जाणणारी, पाड्यावरचीच एखादी शिकलेली मुलगी मानधनावर नेमावी. दार सर्वांस, विशेषतः पाड्यावरील मुलांस, उघडे असावे.

निधी ज्ञातीचा आहे, असा आक्षेप येईल. परंतु आपले आजोबा शिकले ते परक्यांच्या ओसरीवर आणि परक्यांच्या दिव्याखाली. ते ऋण फेडण्याची ही संधी आहे. हा ठराव सभेने संमत करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.