माणसे कुठून गेली, माणसे कुठे आली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



कार्यकारिणीने मला सांगितलं, "काका, पंचवीस वर्षांत काय बदललं यावर दहा मिनिटं बोला." लिफ्ट, पाण्याची टाकी आणि पार्किंग यांवर बोलणारे जाणकार इथे पुष्कळ आहेत. माझा जन्म बँकेत आकडे जुळवण्यात गेला. तेव्हा मी आकड्यांवरच बोलणार. पण हे आकडे आपल्याच घरचे आहेत, म्हणून थोडं सहन करा.

आपली सोसायटी नोंदली गेली २००१ साली. त्याच वर्षी देशाची जनगणना झाली. तेव्हा कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या होती ९७,९४८. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, ती झाली १,७४,२२६. म्हणजे एका दशकात पाऊणपटीहून जास्त वाढ. आपल्याला ही वाढ आकड्यात दिसली नाही, लोकलच्या दारात दिसली. सुरुवातीला सकाळच्या गाडीत बसायला मिळायचं, मग उभं राहायला मिळू लागलं, आणि आता लटकायला मिळालं तरी नशीब!

हीच गोष्ट सगळ्या ठाणे जिल्ह्याची. तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता. जिल्ह्याची लोकसंख्या ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली, म्हणजे ३६ टक्के वाढ. पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी वाढला. महाराष्ट्राची एकूण वाढ होती १६ टक्के. मग कुठेतरी कमी झाल्याशिवाय ही सरासरी जुळणार कशी?

कमी कुठे झाली ते पाहा. वर्धा आणि भंडारा जेमतेम ५ ते ६ टक्क्यांनी वाढले. सातारा ७ टक्क्यांच्याही आत राहिला. आणि तीन जिल्हे तर चक्क घटले. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. तिसरं नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटेल, ते आहे मुंबई शहर. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा हा जिल्हा ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर आला. टक्केवारीत सर्वांत मोठी घट मुंबई शहराचीच, साडेसात टक्क्यांची.

आता बँकवाल्याच्या नजरेने बघू. खात्यावर सुरुवातीची शिल्लक असते, त्यात व्याज जमा होतं, भरणा होतो, पैसे काढले जातात आणि शेवटची शिल्लक उरते. लोकसंख्येतही जन्म वजा मृत्यू हे व्याज समजा, बाहेरून आलेले म्हणजे भरणा आणि बाहेर गेलेले म्हणजे काढलेली रक्कम. रत्नागिरीत दहा वर्षांत मुलं जन्मली नाहीत का? जन्मली. मृत्यूंपेक्षा जास्तच जन्मली. तरीही शिल्लक ८१ हजारांनी घटली. याचा अर्थ गेलेली माणसं ८१ हजारांहून कितीतरी जास्त. पासबुकावर फक्त शेवटचा आकडा दिसतो, मधली उलाढाल दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तिन्ही घटलेल्या जिल्ह्यांची घट मिळून साडेतीन लाख होते, आणि ठाण्याची वाढ २९ लाखांची आहे. तेव्हा सगळं ठाणे कोकणाने भरलं असं कोणी म्हणू नये. इथे खानदेश, मराठवाडा, घाट, उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, दक्षिणेकडचे सगळे आले. आपल्या जिन्यावरच्या पाट्या वाचल्या तरी हे कळतं.

पण आपल्यापैकी बऱ्याच घरांचा प्रवास एकाच रेषेत झाला आहे. आजोबा रत्नागिरी किंवा साताऱ्याकडून गिरणीत लागले. लालबाग-परळला गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि गावी मनीऑर्डर पाठवायचे. बायका-मुलं गावी शेती सांभाळायची. त्याची खूण २०११ च्या आकड्यांतही आहे. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया आणि मुंबई शहरात अवघ्या ८३२. एकाच कुटुंबाचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांच्या तक्त्यात मोजले गेले.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जमिनींवर टॉवर आले. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाचं लग्न झाल्यावर दोन कुटुंबं मावेनात. खोली विकून जे पैसे आले त्यात परळला दुसरी खोली मिळत नव्हती, पण बदलापूरला वन बीएचके मिळत होता. मुंबई शहर घटलं आणि आपली सोसायटी उभी राहिली, या दोन वेगळ्या बातम्या नाहीत.

नव्वदच्या दशकात माझी बदली रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होती. शाखेत ठेवी भरपूर, पण कर्ज मागायला तरुण माणूसच यायचा नाही. काउंटरवर सगळे पेन्शनर आणि पासबुक घेऊन आलेल्या आज्या. "मुलग्याचे पैसे इले काय बघा," एवढंच विचारायच्या. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा आम्हाला वाटलं, आता माणसं परत येतील. गणपतीत येतात, होळीला येतात. पण जनगणना होते फेब्रुवारीत. तेव्हा घराला कुलूप असतं, आणि आंब्याच्या बागेची राखण करायला नेपाळहून आलेला गडी असतो.

माणसं कमी झाली की फक्त घरं रिकामी होत नाहीत. शाळेचा पट घसरतो, एसटीची फेरी बंद होते, आणि आवाजही कमी होतो. २००१ च्या गणनेवरून मतदारसंघांची फेररचना झाली. २००९ च्या निवडणुकीपासून विधानसभेत रत्नागिरीचे ७ चे ५ आमदार झाले, सिंधुदुर्गचे ४ चे ३, आणि ठाण्याचे १३ चे २४. डोकी मोजण्याला किती महत्त्व आहे हे यावरून लक्षात यावं.

आता मुद्द्याचं बोलतो. हे सगळं गावाचं झालं म्हणून आपण हळहळतो. पण आमच्याच मजल्यावर बघा. चार दारं आहेत. दोन दारांत फक्त आजी-आजोबा, एकाला कुलूप. मुलं पुण्याला, बंगळूरला, एक कॅनडात. पंचवीस वर्षांपूर्वी आपण ज्या वयात इथे आलो, त्या वयाची आपली मुलं आज दुसरीकडे फ्लॅट घेत आहेत. त्यांना दोष देऊ नका. आपल्या वडिलांनी आपल्याला दिला नव्हता. पण जी पाळी गावावर आली ती या इमारतीवर येऊ शकते, हे आजच ओळखलं पाहिजे.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, २०२१ ची जनगणना करोनामुळे लांबली. आता १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे. गणक दारात येईल तेव्हा "आम्ही मूळचे अमुक गावचे" म्हणून तिकडची नोंद सांगत बसू नका. राहतो तिथेच माणूस मोजला जातो. पाणी, गाड्या, दवाखाने यांचा हिशेब त्यावरच होतो.

दुसरी, गावच्या सामायिक घराच्या आणि जमिनीच्या वारस नोंदी करून घ्या. आजोबांचंच नाव सातबाऱ्यावर ठेवून आपण डोळे मिटले, तर पुढच्या पिढीला ते घर म्हणजे फक्त भांडण वाटेल.

तिसरी विनंती कार्यकारिणीला. देखभाल शुल्काची थकबाकी आपण नोटीस बोर्डावर लावतो. तशीच एक वही ऑफिसात ठेवा: कोणत्या घरात ज्येष्ठ एकटे राहतात, त्यांच्या मुलांचा फोन कोणता, शेजारी चावी कोणाकडे, डॉक्टर कोण. दर पंधरा दिवसांनी एका सभासदाने जाऊन बेल वाजवायची. याला सर्वसाधारण सभेचा ठराव लागत नाही आणि पैसाही लागत नाही. ही वही लिहायला मी आजपासून तयार आहे. अजून दोघांनी समारंभ संपल्यावर मला भेटावं.